मंजूर उंची

तुमच्यामुळे एक पोरगी चार वर्षं चार महिने स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी झोपली. हे आधी ऐकून घ्या, बाकीचं मग. तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. दारावरची पाटी तुमची, शिक्का तुमचा, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' हे वाक्यही तुमचंच. फाईल एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जायला तुमच्याकडे सात महिने लागले. त्या दोन टेबलांमध्ये अंतर किती? बसल्या जागेवरून हात लांबवून चहाचा कप देता, एवढं. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे नाही म्हटलं? नाही म्हटलं नाहीत, हाच तर गुन्हा. नाही म्हटलं असतंत तर त्या बाईने दुसरा काही मार्ग काढला असता. तुम्ही तिला नुसतं ताटकळत ठेवलंत.

तर झालं असं.

दवाखान्याच्या कर्मचारी वसाहतीत एक रंगारी होते, टेपकाका. रंग, थोडंफार सुतारकाम, पडद्याच्या दांड्या, सगळं एकहाती करायचे. पण खरा जीव लहान मुलांच्या खोल्यांवर. नाव टेपकाका पडलं ते त्यांच्या एका सवयीमुळे. मुलाच्या खोलीत शिरले की टेप आधी भिंतीला नाही लावायचे, मुलाला लावायचे. पोराला भिंतीशी उभं करायचं, उंची घ्यायची, मग म्हणायचं, "हात वर कर. अजून. टाचा उचलायच्या नाहीत, लबाडी चालणार नाही." बोटं जिथे टेकतील तिथे पेन्सिलीने रेघ. "इथवर तुझं राज्य. वर आईबापांचं." मग खुंट्या, फळ्या, दिव्याचं बटण, सगळं त्या रेघेच्या खाली.

आईबापांना याचा वैताग यायचा. ते मोबाईलवर फोटो घेऊन तयार असायचे, 'अस्सं हवंय.' फोटोतल्या त्या खोलीत पोर कधीच नसतं, हे त्यांच्या लक्षात यायचं नाही. मुलगी असेल तर गुलाबी, मुलगा असेल तर निळा, याच्या पुढे गाडी सरकायची नाही. एका बापाने तर तीन महिन्यांच्या पोरासाठी भिंतभर फुटबॉलचं मैदान काढून घेतलं. पोर त्या मैदानाकडे पाठ करून झोपायचं.

चार वर्षांपूर्वी टेपकाकांना सिस्टरांनी बोलावलं. वॉर्डातल्या नर्स त्या. अख्खी वसाहत त्यांना सिस्टरच म्हणायची. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्याच्या शेवटी दोन दिवस पाहुण्यासारखा यायचा. थोरली मुलगी सहा वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. धाकट्याला सगळे भोंगा म्हणायचे. एकदा त्याचं रडणं ऐकलं की का ते विचारावं लागायचं नाही. घर दोन खोल्यांचं. मागे तिसरीही होती, पण कागदोपत्री ती खोली नव्हती, 'सामानाची जागा' होती. खिडकी होती, पंख्याचा हूक होता, फक्त कुलूप तुमचं होतं. आत काय? तुमच्याच ऑफिसच्या चार मोडक्या खुर्च्या. खुर्च्यांना स्वतंत्र खोली आणि पोरीचं अंथरूण फ्रिजच्या कडेला.

"एवढी खोली मिळाली ना काका," सिस्टर म्हणाल्या, "तर थोरलीची सोय होईल. अर्ज करते. नकाशा लागतो म्हणे."

टेपकाकांनी थोरलीला भिंतीशी उभं केलं. "भिंतीवर काय काढू?"

"हत्ती."

"हसरे?"

"छे! हत्ती हसतात का कधी? जेवणारे."

टेपकाका खूश. चौकटीच्या कागदावर पट्टी धरून त्यांनी दोन दिवस खपून नकाशा काढला. पिवळी भिंत, जेवणारे पाच हत्ती, खिडकीखाली टेबल. पलंग साडेचार फुटांचा, पायथ्याशी पुस्तकांची फळी. ही फळी म्हणजे त्यांची नेहमीची युक्ती होती. पोर वाढलं की चार स्क्रू काढायचे, फळी बाजूला, पलंग सहा फूट. आणि इथेच त्यांची अक्कल शेण खायला गेली. फळी निघते, हे त्यांनी लिहिलंच नाही. लिहायचं काय त्यात, असं वाटलं. उलट नको ते लिहिलं. नकाशात पलंगाशेजारी त्यांनी पोरगी काढली. काडीचे हातपाय, दोन वेण्या, शेजारी बाण आणि आकडा: तीन फूट आठ इंच. ऑफिसात बसणाऱ्याला कळावं की इथे माणूस राहणार आहे, एवढाच हेतू.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण ऐका. पहिल्या वर्षी पत्र आलं की सही निळ्या शाईत आहे, काळ्या शाईत हवी. दुसऱ्या वर्षी फाईल सापडेना. तिसऱ्या वर्षी सापडली, तर हत्तींबद्दल शंका: 'सदर प्राणी भिंतीवर कायमस्वरूपी राहणार आहेत काय, याचा खुलासा करावा.' टेपकाकांनी खाली लिहून दिलं, 'रंगाचे आहेत.' सिस्टर ड्यूटी संपवून तशाच पांढऱ्या कपड्यांत तुमच्या खिडकीशी उभ्या राहायच्या आणि तुमचा माणूस मान वर न करता सांगायचा, "प्रोसेसमध्ये आहे."

मग एक दिवस परवानगी आली, खुर्च्या हलल्या, कुलूप निघालं. एकतीस दिवसांची मुदत. 'काम सोबतच्या मंजूर नकाशाप्रमाणे तंतोतंत करावे. तफावत आढळल्यास परवानगी रद्द समजून खोलीस पूर्ववत कुलूप लावण्यात येईल.'

टेपकाका पिवळ्या रंगाचा डबा आणि लाकडाची मापं घेऊन हजर झाले. दार उघडलं ते एका लांबडांग मुलीने. कपाळावर आठी, हातात पुस्तक, बोट पानात अडकवलेलं.

"सिस्टरांची थोरली कुठाय गं?"

"मीच थोरली."

टेपकाकांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोरगी त्यांच्या खांद्याला लागत होती. मागून भोंगा डोकावला, पुढचे दोन दात पडलेला.

"हत्ती आणलेत?" थोरलीने विचारलं.

"डब्यात आहेत."

"मग डब्यातच ठेवा. मी सहावीत आहे, काका. मैत्रिणी आल्या तर काय सांगू? हे माझे हत्ती?"

"मला हवेत हत्ती!" भोंगा ओरडला. "मला! मला!"

"तू गप रे."

"बरं राणीसरकार," टेपकाका तिथेच उंबऱ्यावर बसले. "तुला काय हवंय?"

तिने पानातलं बोट काढून पुस्तक मिटलं. मग भडाभडा बोलली. "हिरवा रंग. गडद. त्यावर काही काढायचं नाही. आणि एक अशी जागा, जिथे मला कुणी बघणार नाही. पहाटे पाचला आईची ड्यूटी असते, ती डोक्यावरचा दिवा लावते. पाणी प्यायला जो तो माझ्या अंगावरून जातो. कपडे बदलायचे तर बाथरूममध्ये, एका पायावर. दुसरा पाय बादलीत. मी आईला सांगितलंय, सुट्टी संपली की मी मावशीकडेच राहणार. तिथे मला अर्धी खोली आहे."

सिस्टर स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, पण मागे वळून पाहिलं नाही. फ्रिजच्या वर एक निळी बॅग होती. अर्धी भरलेली.

टेपकाकांनी टेप काढला. चार फूट दहा इंच. नकाशातली पोरगी खिशात घडी घालून होती, तिची वाढ तिथेच खुंटलेली.

"काळजी नको," ते म्हणाले. "फळी काढू, हत्ती गाळू, हिरवा लावू. भिंतीचा रंग बघायला कोण येतंय?"

आला. चौथ्याच दिवशी तुमचा ओव्हरसियर आला. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला म्हणा. घामाघूम झाला होता, पाणी मागून प्यायला. पण मग त्याने नकाशा पसरला आणि एकेका गोष्टीवर पेन टेकवत चालला.

"पायथ्याची फळी?"

"ती काढायची आहे साहेब. पोरगी वाढली."

"नकाशात आहे ती."

"असू दे की. स्क्रूची आहे, निघते."

"निघते असं कुठे लिहिलंय?" पेन पुढे सरकलं आणि त्या काडीच्या पोरीपाशी थांबलं. "वापरकर्ता, उंची तीन फूट आठ इंच. हीच का ती?"

"हीच."

ओव्हरसियरने थोरलीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा थोरलीकडे. "ही नकाशाप्रमाणे नाही."

टेपकाकांना आधी वाटलं, गडी विनोद करतोय. ते हसलेसुद्धा. ओव्हरसियर हसला नाही.

"अहो साहेब, पोरगी आहे ती. नळाची तोटी आहे का?"

"मला कळतंय हो. पण नकाशावर जे जे आहे ते सगळं मंजूर आहे. उंचीसकट. मी 'होय' लिहिलं आणि उद्या कुणी येऊन मोजलं तर? माझी मान अडकेल."

"कोण येतंय पोरी मोजायला?"

"तुम्ही मोजलीतच ना?"

टेपकाका हातातला टेप गुंडाळू लागले. इतक्यात भोंगा मध्ये लुडबुडला, आणि ओव्हरसियरचा चेहरा उजळला. "हा केवढा आहे? उभा राहा रे बाळ." त्याने टेपकाकांच्याच हातातला टेप घेतला. "तीन फूट आठ! बघा! तंतोतंत! सिस्टर, सुटलात तुम्ही. खोली याच्या नावावर दाखवू. पलंग बसतो, फळी बसते, हत्तीही चालतील. मी आत्ता सही करतो. मोठीसाठी नवीन अर्ज टाका."

"नवीन अर्ज," सिस्टर सावकाश म्हणाल्या. "किती दिवस लागतील?"

"आता ते काय, प्रोसेसमध्ये..."

 टेपकाकांनी सिस्टरांकडे पाहिलं. बाई थकली होती. बाई हो म्हणणार होती.

"निदान एकाची तरी सोय होतेय," सिस्टर म्हणाल्या. "तूर्तास भोंग्याला देऊ. मग बघू."

"दे त्यालाच," थोरली म्हणाली. आवाज चढवला नाही, पाय आपटले नाहीत. स्वयंपाकघरात गेली आणि निळी बॅग खाली उतरवल्याचा आवाज आला.

ओव्हरसियर 'विचार करून सांगा' म्हणून निघून गेला. टेपकाका नको तिथे बोलले. "सिस्टर, चूक माझी आहे. मी ती उंची लिहिली नसती तर..."

झालं. चार वर्षांचं सगळं त्यांच्यावर कोसळलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं पोरगी काढायला? भिंती काढायच्या, दार काढायचं, गप्प बसायचं! मोठे आले मुलांचं मन ओळखणारे! त्या बाणाने माझ्या पोरीला घराबाहेर काढलं, कळतंय का? दिवसभर मी लोकांच्या पोरांची उंची, वजन, ताप लिहिते. उद्या आकडा बदलला तर खोडून नवा लिहिते. कुणी म्हणत नाही, बाळाला आहे त्या वजनातच ठेवा! आणि हे... हे..."  हातातला ओला फडका त्यांनी ओट्यावर आपटला. "आणि मी काय केलं? मीही मान डोलावली. त्याने नुसतं पेन पुढे केलं आणि मी दिली खोली वाटून."

टेपकाका मान खाली घालून उभे. भोंगा भेदरून भिंतीला चिकटलेला. काही चुकलं आहे आणि ते आपल्या उंचीमुळे चुकलं आहे, एवढं त्याला कळलं असावं, कारण त्याने हळूच गुडघे वाकवले.

ते बघून सिस्टर मटकन खाली बसल्या. मग त्यांनी पदराने नाही, त्याच ओल्या फडक्याने तोंड पुसलं. "बनवा काका," त्या म्हणाल्या. "दोघांच्या मापाने बनवा. आजच्या मापाने. कुलूप लावायला येतील तेव्हा बघून घेईन."

"परवानगी जाईल."

"जाऊ दे खड्ड्यात."

टेपकाका तीन आठवडे हटले नाहीत. खोली आठ बाय सात, त्यात दोन पोरं बसवायची म्हणजे जमिनीवर भागणार नव्हतं. पलंग केला वर-खाली. खाली भोंगा, वर थोरली, वरच्या पलंगाला तिन्ही बाजूंनी जाड पडदा आणि आत वाचायला छोटा दिवा. भोंग्याचा हात वर करून घेतला आणि त्या मापाने चारही भिंतींवरून एक सरळ रेघ फिरवली. रेघेच्या खाली पिवळा आणि हत्ती, वर सगळा गडद हिरवा. थोरली पहिले दोन दिवस नुसती दारात उभी राहून बघत होती. तिसऱ्या दिवशी ब्रश मागितला.

"कोपऱ्यात जाड लागतोय," ती टेपकाकांना म्हणाली.

"चुका काढायलाच आली आहेस का?"

"तुम्ही करू नका, मी काढणार नाही."

भोंग्याची वेगळीच तक्रार. "हत्ती काय जेवणार? इथे झाडच नाही!"

"रेघेच्या वर माझं आहे," थोरलीने बजावलं. "माझ्या भिंतीवर काही काढायचं नाही."

"मग ते उपाशी?" भोंग्याचा भोंगा सुरू व्हायच्या बेतात आला.

थोरलीने कपाळाला हात लावला, अगदी आईसारखा. "एक फांदी. फक्त एक. माझ्याकडून खाली येऊ दे. आणि पानं मी मोजणार आहे."

टेपकाकांनी फांदी काढली. तिने पानं मोजली. एकोणीस. विसावं काढू दिलं नाही.

पडदे लागले त्या दिवशी निळी बॅग रिकामी होऊन पलंगाखाली गेली.  सिस्टरांनी फ्रिजच्या कडेची जागा पुसून घेतली, आणि मग तिथे काय ठेवावं ते न सुचून तशीच मोकळी सोडली.

एकतिसाव्या दिवशी, म्हणजे आज दुपारी, ओव्हरसियर आला. एका हातात तपासणीचा फॉर्म, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवी जड होती आणि आत लोखंड वाजत होतं. तो दारात थांबला आणि क्षणभर नुसता बघत राहिला. "छान झालीय हो," त्याच्या तोंडून गेलं. मग त्याला आपण कोण ते आठवलं. "पलंग दोन मजली. नकाशात एकमजली. हिरवा रंग नकाशात नाही. हत्ती... पाचाऐवजी चार?"

"एक रेघेत बसेना," टेपकाका म्हणाले.

"फळी नाही. वापरकर्ते दोन." तो एकेक फुली मारत गेला. "सिस्टर, मी तुम्हाला वाट काढून दिली होती. आता माझा नाइलाज आहे. सामान बाहेर काढून घ्या. कुलूप लावावं लागेल."

सिस्टर दारातून हलल्या नाहीत. "सामान आहे कुठे? आत माझी मुलगी आहे."

वरचा पडदा सरकला. थोरली पोटावर पडून वाचत होती. तिने पुस्तक मिटलं आणि वरून ओव्हरसियरकडे पाहिलं. त्याला मान वर करावी लागली.

"बाळ, खाली ये."

"मी बाळ नाही."

"बरं. ताई. खाली या."

"कुलूप लावायचं तर लावा. मी आत आहे."

"असं करता येत नाही. नियमात..."

"मग मी कुठे झोपू?"

ओव्हरसियरने फॉर्मकडे पाहिलं. पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. "हे मला वरती विचारावं लागेल," तो म्हणाला.

"विचारा," टेपकाका म्हणाले. "फोन आहे ना खिशात? आत्ता विचारा. आम्ही थांबतो. थांबायची सवय आहे आम्हाला."

त्याने खरंच लावला. उचलला तुमच्याच ऑफिसातल्या कुणीतरी. ओव्हरसियरने सगळं सांगितलं, अगदी नीट सांगितलं, पोरीचा प्रश्नही तिच्याच शब्दांत सांगितला. पलीकडून उत्तर आलं ते खोलीभर ऐकू गेलं: "साहेब मीटिंगमध्ये आहेत. अर्ज करायला सांगा."

कुलूप पिशवीतच राहिलं. पण फुल्या मारलेला तो फॉर्म त्याने फाडला नाही. उद्या सकाळी दहाला परत येतो म्हणाला, तोवर वरून काही आलं नाही तर त्याला कुलूप लावावंच लागेल म्हणाला, आणि जिना उतरून गेला. टेपकाका दाराशी स्टूल टाकून बसले आहेत. सिस्टरांनी उद्याची ड्यूटी बदलून घेतली. भोंगा खालच्या पलंगावर हत्तींना एकोणीस पानांतली चार-चार वाटून देतोय आणि उरलेल्या तिनांवरून स्वतःशीच भांडतोय. पोरगी वरून उतरलेली नाही.

साहेब, तुमची मीटिंग संपली असेल तर तिचा प्रश्न पुन्हा सांगतो. तीन शब्दांचा आहे, चौथ्या टेबलावर पाठवण्याइतका मोठा नाही. त्याला अर्ज नको, नकाशा नको, काळी शाई नको. ती विचारतेय: मी कुठे झोपू? सकाळी दहाच्या आत उत्तर द्या. ओव्हरसियरला पाठवू नका. स्वतः या, मान वर करा आणि तिला सांगा.